'बारोमास' आणि आपली रोजी

आपल्या बैठकीत एक पोरगं मला म्हणालं, "काहून वाचता हो भाऊ ते? वावरवाल्याची कादंबरी. त्यात आपलं काय हाये?" प्रश्न रास्त आहे. तो टाळून चालणार नाही.

सदानंद देशमुख आपल्याच बुलढाणा जिल्ह्यातले. जन्म १९५९, गाव अमडापूर. आधी 'तहान' लिहिली, मग २००२ साली 'बारोमास'. तिला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पण पुरस्कारासाठी वाचू नका, एकनाथ तनपुरेसाठी वाचा. एवढं शिकलेला हा पोरगा. मास्तरकीसाठी संस्थेला चारायला पैसा नाही म्हणून वावरात अडकतो. वावर तोट्यात, घरात रोजची धुसफूस. हे दुःख खोटं नाही. पैशावाचून संस्थेच्या दारातून परत आलेले पदवीधर आपल्याही वस्तीत आहेत. आणि बोली? ज्या वऱ्हाडीला वर्गात हसत, तीच इथे ताठ मानेने बोलते.

मग माझा झगडा कुठे आहे? ही कादंबरी तनपुऱ्यांच्या उंबऱ्यातून गाव पाहते. हातचं वावर गेलं तर काय उरेल, ही तिची धास्ती. माझ्या मायच्या हाती वावर कधी नव्हतंच. तिने जन्मभर दुसऱ्याचा कापूस वेचला, दुसऱ्याचं निंदण केलं. मालकाचं पीक बुडालं की आधी रोजी बुडायची ती तिची.

सरकारची नजरही अशीच. शेतकरी आत्महत्येच्या १ लाखाच्या मदतीसाठी आधी सातबारा पाहतात, कर्ज पाहतात. ज्याच्या घरात सातबाराच नाही, तो मजूर विष पिऊन मेला तरी त्या यादीत बसत नाही. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली, पुन्हा १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले, ते याच सातबाऱ्यासाठी.

देशमुखांनी आपल्या अंगणातलं लिहिलं, इमानाने लिहिलं. आमचंही त्यांनीच लिहावं, अशी भीक मी मागत नाही.

त्या पोराला मी एवढंच म्हणालो, बाबा, 'बारोमास' वाच. मग मायजवळ बस. ज्या साली कापूस बुडाला, त्या साली चूल कशी पेटली, ते विचार. लिहून आण. पुढच्या अंकात जागा ठेवली आहे.