तांबड्या शाईचा हिशेब : लिओपोल्ड यांच्या निबंधातला रँचर

आल्डो लिओपोल्ड यांच्या ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ (१९४९) या पुस्तकातला लांडग्यावरचा छोटा निबंध निसर्गप्रेमी मंडळी पोथीसारखा वाचतात. ॲरिझोनाच्या डोंगरात तरुण लिओपोल्ड आणि सोबती लांडग्यांच्या कळपावर गोळ्या झाडतात, आणि मरणाऱ्या लांडगीच्या डोळ्यांतला हिरवा अंगार विझताना पाहून पुढे लेखकाची दृष्टी पालटते. हा प्रसंग सगळ्यांच्या लक्षात राहतो. मीही वर्षानुवर्षे तेवढाच लक्षात ठेवला होता.

पण या निबंधात रँचर, म्हणजे विस्तीर्ण कुरणांवर गुरे पोसणारा मालक, दोन ठिकाणी येतो आणि त्या दोन जागांचे एकमेकींशी पटत नाही. सुरुवातीला लांडग्याची आरोळी कोणाला काय सांगते ते येते. रँचरला तिच्यात बँकेच्या खात्यातली तांबडी शाई, म्हणजे तोटा, ऐकू येतो. पुढे शेवटाकडे तोच रँचर अडाणी ठरतो : लांडगे संपवले की गुरांची संख्या कुरणाच्या मापात ठेवण्याचे काम आपल्यावर येते, हे त्याला कळत नाही. निसर्गशास्त्र म्हणून मुद्दा बिनतोड आहे. मात्र मधल्या मजकुरात बँक कुठे गेली? ज्याचे वासरू कर्जफेडीसाठी बाजारात जायचे असते, त्याने कळप कमी कसा करायचा, हा प्रश्न निबंध उघडतो आणि तसाच टाकून देतो.

हे अनवधान म्हणावे, तर लिओपोल्ड यांना हे जग परके नव्हते. १९१२ साली ते न्यू मेक्सिकोतल्या मेंढपाळीत मातब्बर असलेल्या लूना घराण्याशी नाते असलेल्या कुटुंबाचे जावई झाले. १९१५च्या सुमारास शिकारी आणि रँचर यांनी मिळून हिंस्र प्राणी निपटावेत, असा प्रचार त्यांनी स्वतःच केला होता. त्याच वर्षी केंद्र सरकारनेही त्यासाठी पैसा मंजूर केला. निबंधात अपराधाची कबुली आहे, ती बंदूकबाज तरुणाची. प्रचारकाची नाही. अल्बर्ट हॉकबॉम या चित्रकार सहकाऱ्याने जुनी चूक लिहून टाका असा आग्रह धरला, त्यातून १९४४ साली हा निबंध आला. हॉकबॉम यांना अर्धेच यश आले, असे माझे मत.

आपल्याकडचा धनगर रात्री वाघर लावून मेंढ्या आत कोंडतो आणि शेजारीच झोपतो. लांडगा आला तर त्याला कळते. रँचरची गाय कोसांवर एकटी चरत असते. वासरू मेले तरी काही दिवसांनी सापडते, किंवा सापडतच नाही. लांडग्यानेच मारले हे ठरवायला कातडीखाली साकळलेले रक्त आणि दातांच्या खुणा पाहाव्या लागतात. तोवर कायोटी, डोमकावळे आणि ऊन आपापले काम उरकतात. ‘डिफेंडर्स ऑफ वाइल्डलाइफ’ या संस्थेने १९८७ ते २०१० या काळात भरपाई दिली, पण पुराव्याची अट होतीच. बिथरलेल्या गाईंचे घटलेले वजन तर कोणत्याच पुराव्यात बसत नाही. रँचरच्या रागात लांडग्याचा द्वेष किती आणि हा न जुळणारा हिशेब किती, ते वेगळे काढल्याशिवाय त्याला अडाणी म्हणणे मला घाईचे वाटते.

१९९८ साली ११ मेक्सिकन लांडगे पुन्हा रानात सोडले, ते लिओपोल्ड यांनी नोकरी केलेल्या त्याच अपाची वनक्षेत्रात. तिथल्या कुरणांवर तेव्हाही गुरे चरत होती.