पक्षिनिरीक्षण आणि पक्षिकवितेचा आस्वाद

मराठी कवितेच्या अध्यापनात पक्षी येतो तो बहुधा प्रतीक म्हणून. चातक म्हणजे एकनिष्ठा, हंस म्हणजे विवेक ही समीकरणे विद्यार्थी पाठ करतात आणि कवितेतला पक्षी दिसण्याआधीच नाहीसा होतो. पक्षिनिरीक्षणाची सवय असलेला वाचक अर्थाकडे इतक्या घाईने वळत नाही. पक्षी कोठे बसला आहे, एकटा आहे की थव्यात, आवाज कोणाचा, हे तो आधी पाहतो. काव्यास्वादाच्या दृष्टीने ही सवय महत्त्वाची ठरते.

नाशिक रोडहून मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर निफाड लागते. याच तालुक्यात गोदावरी व कादवा यांच्या संगमावर नांदूरमध्यमेश्वरचा जलाशय आहे. १९८६ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झालेले हे स्थळ २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर क्षेत्र ठरले. हिवाळ्यात येथे चक्रवाक येतो. नारिंगी-तपकिरी रंगाचे हे बदक दुर्बिणीतून बहुधा जोडीने दिसते. काव्यसंकेतानुसार मात्र ही जोडी रात्री नदीच्या दोन काठांवर विलग होऊन विलाप करते. ज्ञानेश्वरीच्या सोळाव्या अध्यायाच्या आरंभी बुद्धी आणि बोध ही अशीच जोडी आहे. भेदरूपी नदीच्या दोन थडींवर ती आक्रंदते आणि गुरुरूपी सूर्य तिचे मीलन घडवितो. विरहाची कथा निरीक्षकाच्या वहीत सापडणार नाही. पण जोडी, साद आणि नदी तेथेही आहेत. ज्याने सकाळच्या उन्हात ही जोडी पाहिली आहे, त्याला या रूपकातील आनंदाची बाजू अधिक जाणवते.

बालकवींच्या (१८९०–१९१८) ‘पारवा’ या कवितेत संकेताचा आधार नाही. पारवा हा घराघरातला पक्षी. मोडक्या वास्तूंत वस्ती करणारा. तो पडक्या धर्मशाळेच्या कौलांवर बसावा हे निरीक्षणास धरून आहे. पुढे मात्र निरीक्षक अडखळतो. पारवा एरवी थव्याने राहतो, आणि त्याचे घुमणे बहुधा मादीपुढे मान फुगवून केलेले प्रियाराधन असते. बालकवींनी त्याला एकटे बसविले आणि त्या घुमण्यात खिन्नता ऐकली. म्हणजे पक्ष्याचे काय आणि कवीचे काय, यांतील सांधा येथे स्पष्ट दिसतो. विशेष असे की कवितेलाही त्याची जाण आहे. पारव्याचे जग आणि आपले जग यांतील अंतर कवी स्वतःच पुढे बोलून दाखवितो. ही कविता केवळ कवीच्या चरित्राशी जोडून वाचणाऱ्या समीक्षेकडून हे अंतर निसटते.

मंजुळ कंठासाठी नावाजली जाते ती कोकिळा. प्रत्यक्षात ‘कुहू’ ही साद काळ्या नराची, ठिपकेदार मादीची नव्हे. अशा चुका काढत बसणे हा काही आस्वाद नव्हे, आणि हौशी निरीक्षकांना त्याचा मोह फार असतो. हिमालयातील चकोर महाराष्ट्रात आढळत नाही. तरीही ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात चकोराची पिले शरदाच्या चांदण्यातील कोवळे अमृतकण हळुवारपणे वेचतात, आणि श्रोत्यांनी ही कथा तशीच अनुभवावी, अशी ज्ञानेश्वरांची अपेक्षा आहे.