तंजावरची कुरवंजी : गाण्यात काय आले आणि काय राहिले

एखाद्या गावाचे धर्मजीवन तिथल्या खऱ्या माणसांच्या बोलण्यावरून उभे करायचे आणि ते रंगमंचावर गाऊन दाखवायचे, अशा नाटकाला दस्तऐवजी संगीतनाटक म्हणतात. अलीकडचे ठळक उदाहरण अमेरिकेतले आहे. न्यूयॉर्कची ‘द सिव्हिलियन्स’ ही नाट्यमंडळी २००६ मध्ये कोलोराडो स्प्रिंग्ज या शहरात गेली. हे शहर इव्हँजेलिकल ख्रिस्ती पंथांचे, म्हणजे शुभवर्तमान सांगत फिरणे हे पहिले कर्तव्य मानणाऱ्या मंडळींचे, मोठे केंद्र. तिथल्या लोकांच्या मुलाखतींवरून ‘धिस ब्यूटिफुल सिटी’ हे संगीतनाटक तयार झाले. लेखन स्टीव्हन कॉसन आणि जिम लुइस यांचे, गीत-संगीत मायकेल फ्रीडमन यांचे. २००८ साली ते रंगमंचावर आले.

या नाटकाकडे आपण परत येऊ. त्याआधी मला तुम्हाला चेन्नईपासून सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरच्या तंजावरला न्यायचे आहे. तिथे दोनशे वर्षांपूर्वी याच जातीचा एक प्रयोग झाला होता, आणि त्यात मराठीचाही वाटा आहे.

दोन माणसे लक्षात ठेवा. एक वेदनायगम शास्त्री (१७७४–१८६४), तमिळ ख्रिस्ती कवी. दुसरे सरफोजी राजे भोसले, ज्यांची कारकीर्द १७९८ ते १८३२. दोघेही जर्मन लुथरन मिशनरी ख्रिस्तियान फ्रीडरिख श्वार्त्झ यांचे शिष्य. सरफोजींनी पुढे मद्रासमध्ये गेरिके या मिशनऱ्याकडेही शिक्षण घेतले. शास्त्री मिशनच्या शाळेत शिक्षक झाले. राजे हिंदूच राहिले, पण गुरूच्या स्मरणार्थ त्यांनी जॉन फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून संगमरवरी शिल्प करवून घेतले. ते तंजावरच्या चर्चमध्ये आजही आहे.

१८०० च्या सुमारास शास्त्रींनी ‘बेथलेहेम कुरवंजी’ रचली. कुरवंजी हा तमिळ नृत्यनाट्याचा प्रकार. त्याचा साचा ठरलेला असतो. मिरवणुकीत देवाला किंवा राजाला पाहून नायिका विरहाने व्याकूळ होते. मग डोंगरातली कुरत्ती, म्हणजे कुरवर समाजातली भविष्य सांगणारी बाई, येते. आपले डोंगर, आपण हिंडलेले मुलूख यांचे वर्णन करते, हात पाहते आणि मीलन होईल असे सांगते. शेवटी तिचा पारधी नवरा पाखरे पकडत तिला शोधत येतो. शास्त्रींनी हा साचा मोडला नाही. नायक बेथलेहेमचा प्रभू केला, नायिका सियोनची कन्या. पारध्याचे जाळे आता आत्मे धरू लागले. एकनाथांच्या भारुडात जोशी येतो, वासुदेव येतो आणि परमार्थ सांगून जातो. तीच युक्ती इथे आहे, म्हणून मराठी वाचकाला ती परकी वाटू नये.

पण शास्त्रींनी आणखी एक गोष्ट केली, आणि माझ्या मते कृतीचे खरे नावीन्य तिथे आहे. त्यांनी गाण्यात कोपर्निकसचे खगोल घातले, पृथ्वीवरचे देश घातले. सृष्टीचे वर्णन करायचे तर ते तपासून पाहता येईल असे असावे, हा त्यामागचा हट्ट. सरफोजींना तो पटला असावा. त्यांच्या नावावरची ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटक आहे आणि त्यात जगाचा भूगोल गाण्यांतून सांगितला आहे. सरस्वती महाल ग्रंथालयाने ते १९५० मध्ये छापले. शीर्षकात देवेंद्र आहे, काम मात्र नकाशाचे. तुम्ही सिव्हिलचे विद्यार्थी असाल तर काळ जुळवून पाहा. १८०२ मध्ये लॅम्बटनने मद्रासच्या सेंट थॉमस माउंटजवळ आधाररेषा मोजली, आणि १८०८ मध्ये तंजावरच्या मोठ्या देवळावर चढवताना त्याचे थिओडोलाइट आपटून बिघडले. मोजणीचे वारे सगळीकडेच होते.

नाटक म्हणून ‘देवेंद्र कुरवंजी’ मला कोरडी वाटते. त्यात पाठांतराची सोय आहे, ओढ नाही. ‘बेथलेहेम’मध्ये ओढ आहे, कारण तिथे माहिती भक्तीच्या कामाला लावलेली आहे.

आता मुख्य मुद्दा. या गाण्यांत सूर्यमाला आहे आणि दूरदूरचे देश आहेत. तंजावरचा ख्रिस्ती समाज मात्र जवळजवळ नाही. तो सापडतो दुसरीकडे, शास्त्रींच्याच गद्य लेखनात. एकोणिसाव्या शतकात नवे मिशनरी आले आणि जुन्या मंडळींशी त्यांचे बिनसले. १८२९ च्या सुमारास शास्त्रींनी त्यांच्याविरुद्ध लिहिले. गाऱ्हाणी चार होती. बायबलचे जुने भाषांतर बाजूला सारले. मंगल प्रसंगीची फुले बंद केली. उपासनेत तमिळ गाणी नकोत म्हटले. आणि वेगवेगळ्या जातींना एकत्र बसायची सक्ती केली.

पहिली तीन वाचताना आपण शास्त्रींच्या बाजूने असतो. चौथ्याला थबकतो. शास्त्री वेल्लाळ होते, आणि देवळात दलित ख्रिस्ती वेगळे बसत ती रीत त्यांना राखायची होती. पुढे १८३३ मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी जातिभेद सोडण्याचा हुकूम काढला. शास्त्रींची बहुतेक चरित्रे संगीताचे गाऱ्हाणे मोठे करून सांगतात आणि बसण्याचे आटोपते घेतात. मला हे मान्य नाही. चारही गाऱ्हाणी एकाच माणसाची आहेत, एकाच दमात केलेली. गाणे वाचवणारा हात आणि सतरंजी वेगळी ठेवणारा हात एकच होता.

‘धिस ब्यूटिफुल सिटी’ इथे उपयोगी पडते. नोव्हेंबर २००६ मध्ये तिथल्या न्यू लाइफ चर्चचे पास्टर टेड हॅगर्ड यांचे प्रकरण उघडकीस आले. समलिंगी विवाहाला विरोध करणारा नेता स्वतःच अडचणीत आला. नाटक मंडळींना हे आयतेच हाती लागले म्हणा, पण त्यांनी समाजाचे भांडण रंगमंचावर आणले, टाळले नाही. त्याची उणीव वेगळी आहे. ते बाहेरून आलेल्यांनी केले. बोलणे गावाचे, निवड न्यूयॉर्कची. शास्त्री आतले होते, म्हणून त्यांच्या गाण्यात विश्वास खरा वाटतो आणि म्हणूनच काही गोष्टी त्यांना दिसत नाहीत. ज्या कुरत्तीच्या तोंडून ते सगळे सांगतात, तिच्या समाजाला तरी कोणी विचारले होते? पुढे इंग्रज सरकारने त्याच कुरवर समाजाला गुन्हेगार जमातींच्या यादीत घातले.

मराठीत या बाबतीत लक्ष्मीबाई टिळक अधिक धीट. ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी आपले सोवळे कसे कसे सुटले ते स्वतःवर हसत सांगितले आहे. ते गद्य आहे, तरी दस्तऐवज म्हणून मी ते कुरवंजीच्या वर ठेवीन.

तुमच्यापैकी कोणी आपल्या वस्तीतल्या चर्चवर, दर्ग्यावर किंवा भजनी मंडळावर नाटक बसवणार असेल, तर सुरुवातीला तंजावरच्या चार गाऱ्हाण्यांवर एक छोटा प्रवेश करून पाहा. कुरवंजीचा साचा तोच ठेवा. शास्त्री चारही गाऱ्हाणी गातील, कोणतेही गाळायचे नाही. आणि कुरत्ती या वेळी हात पाहील तो नायिकेचा नव्हे, पलीकडच्या बाजूला बसवलेल्या माणसाचा. त्याचे म्हणणे १८२९ च्या त्या लेखनात नाही. ते कुठे शोधायचे, हा तालमीचा पहिला आठवडा.