वेताळ, थामा आणि आपला खवीस

2025 च्या दिवाळीत 'थामा' हा हिंदी चित्रपट आला आणि सुट्टी संपताच आमच्या आठवीच्या वर्गात रक्त पिणाऱ्यांखेरीज दुसरा विषय उरला नाही. प्रत्येक मुलाने गोष्ट इतकी निराळी सांगितली की शेवटी आम्ही नायगावहून वसईला जाऊन चित्रपट पाहून आलो. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार मराठी आहेत. त्यांनीच 2022 साली 'झोंबिवली'त डोंबिवलीच्या टॉवरात आणि शेजारच्या वस्तीत झोंबी सोडले, 2024 साली 'मुंज्या'त कोकणचे भूत हिंदी पडद्यावर नेले. त्यामुळे अपेक्षा होती.

'थामा'तले बेताळ नावाने देशी, वागायला मात्र विलायती. सुळे, अफाट बळ, रक्ताची तहान. आपला वेताळ असा नव्हता. वेताळपंचविशीतला वेताळ प्रेतात शिरून राजाला गोष्टी सांगतो आणि न्यायाचे कोडे घालतो. गोव्यात तर तो गावचा राखणदार देव आहे. त्याला व्हँपायर केले रिचर्ड बर्टन या इंग्रजाने, 1870 च्या आपल्या पुस्तकाच्या नावातच. पुढे इंद्रजाल कॉमिक्सने याच्या उलट केले. अमेरिकेच्या फँटमला वेताळ हे नाव दिले आणि आमच्या वडिलांच्या पिढीने तो मुखवटेवाला आपलाच मानला. उसने घेण्याला आमची हरकत नाही. नारायण धारपांनी स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वरून 'लुचाई' लिहिली आणि मराठी वाचक रात्री दिवा न विझवता झोपला. तक्रार एवढीच की बर्टनची चूक आता आपणच खरी मानून बसलो आहोत. कोडे घालणारा वेताळ गेला, चावणारा राहिला.

तरीही 'थामा'त एक कल्पना अशी आहे की तिच्यासाठी बाकी सगळे माफ करावे. या बेताळांनी माणसाचे रक्त पिणे सोडले आहे. का, तर 1947 च्या फाळणीत माणसाने माणसाचे सांडलेले रक्त त्यांनी पाहिले. माणसाचे रक्तच विषारी झाले, असे त्यांचे म्हणणे. हे ऐकताना आम्ही खुर्चीत सावरून बसलो. आमच्यासारख्यांच्या घरात ती साले कधी मोठ्याने बोलली गेली नाहीत. आजी फक्त 'त्या वर्षी' म्हणायची. पण चित्रपटाला घाई आहे. कल्पना येते, थोडा वेळ थांबते आणि मग गाणी, विनोद, मारामारी. ज्या प्रश्नावर सगळा चित्रपट उभा राहिला असता, तो केवळ कारण सांगण्यापुरता वापरला गेला. आमच्या मते हे मोठे नुकसान आहे.

दुसरी गोष्ट चित्रपटाची नव्हे, आपली. मराठी भुतांना जात असते. मुंज झालेला मुलगा अविवाहित मेला तर मुंजा, ब्राह्मण असेल तर समंध, आणि कोकणात बहुतेक ठिकाणी मुसलमानाचे भूत म्हणजे खवीस. शब्द आपलाच, अरबी 'खबीस'. संडासात जाताना आपण जी दुआ म्हणतो तिच्यात याच शब्दाचे भाऊबंद आहेत. गंमत अशी की मेलेला माणूस भूत होऊन फिरतो हे आपल्या अकीद्यात बसतच नाही. जिन आहेत, त्यांच्या नावाची कुरआनात सूरह आहे, 72 वी, आणि तिच्यात जिन्नांत नेकही आहेत आणि बदही. पण खवीस? ज्या भुतावर मुसलमानांचा विश्वास नाही, तेच भूत शेजाऱ्यांनी मुसलमानांच्या नावावर चढवले. अशा विलक्षण पात्रावर मुस्लिम मराठी लेखकाने कादंबरी लिहायला हवी होती.

ती लिहिली गेल्याचे आमच्या वाचनात नाही. 1990 साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आपण गरिबी लिहिली, तलाक लिहिला, दंगल लिहिली. ते लिहिणे गरजेचेच होते. कल्पनेच्या वाटेला मात्र आपण फिरकलो नाही. काहींना ते खुराफात वाटते, काहींना पोरकट. उर्दूत 1883 पासून नवल किशोर प्रेसने 'तिलिस्मे होशरुबा'चे जाडजूड खंड छापले आणि जाणत्या, दीनदार लोकांनी ते आवडीने वाचले, हे मराठीत लिहिताना आपण विसरतो. आमच्या मुलांच्या एका हातात उर्दूचे पाठ्यपुस्तक असते आणि दुसऱ्या हातात मोबाइलवरचे कोरियन कॉमिक. मधली जागा रिकामी आहे.

खवीस म्हणजे काय, हे वर्गात सांगितले तेव्हा एका मुलाने विचारले, "सर, भूत में भी मुसलमान अलग?" आम्हाला लगेच उत्तर सुचले नाही. त्याच मुलाने नंतर गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर चित्रे काढून गोष्ट सुरू केली. खवीस मिठागरातून उठून नायगाव पूर्वेच्या नव्या इमारतीत भाड्याने खोली बघायला येतो. दलाल नाव विचारतो. नाव ऐकल्यावर म्हणतो, सोसायटीत चालणार नाही. खवीस म्हणतो, पण मी तर मेलेलो आहे. दलाल म्हणतो, तरी.

चित्रे कच्ची आहेत, शुद्धलेखनही. सहा पाने झाली आहेत.