रोममध्ये रंगवलेलं तळं

दोन वर्षं माझ्या लॅपटॉपचा वॉलपेपर एकच होता. निवांत तळं, काठावर पाण्याला आलेली हरणं, मागे ढगांत घुसलेली बर्फाची शिखरं. तेव्हा टीममधले दोघं-तिघं कॅलिफोर्नियाला गेले होते, माझीही धडपड चालू होती. त्यामुळे अल्बर्ट बिअरस्टाटचं १८६८ सालचं 'अमंग द सिएरा नेव्हाडा, कॅलिफोर्निया' हे चित्र मी पुढच्या मुक्कामाचा पत्ता असल्यासारखं बघायचो.

मग एकदा वाचलं, की असं एक ठरावीक ठिकाण नाहीच. बिअरस्टाट १८६३ मध्ये योसेमिटीला जाऊन आला होता खरा, पण हे तळं त्यानं रंगवलं रोममधल्या स्टुडिओत. आणि दाखवलं आधी बर्लिन आणि लंडनला, मग अमेरिकेला. शिखरं तर मला चक्क आल्प्समधली वाटतात. म्हणजे ज्यांनी कॅलिफोर्निया पाहिलाच नव्हता, त्यांच्यासमोर सहा फूट बाय दहा फुटांचा डेमो! डेमो कसा करतात ते मला माहीत आहे. अडचणीचा डेटा आधी काढून टाकायचा.

इथे काय काढलंय? माणसं. १८४८ मध्ये सोनं सापडल्यावर कॅलिफोर्नियात लोंढे आले. १८४६ च्या सुमारास तिथे अंदाजे दीड लाख मूलनिवासी होते, १८७० पर्यंत तीस हजारांच्या आसपास उरले. रोगराई, उपासमार, सरळसरळ कत्तली. चित्र नेमकं याच काळातलं आहे, आणि त्यात पाण्यावर येतात ती हरणं, माणसं नाहीत. ती शांतता मला आता नैसर्गिक वाटत नाही. रिकामी केलेली वाटते.

पण चित्र वाईट आहे का? नाही, आणि माझी खरी पंचाईत तीच आहे. स्मिथसोनियनच्या साइटवर मोठी इमेज आहे, ती उघडून झूम करा. शिखरांवरचा उजेड जरा नाटकी आहे, हरणं तर कॅलेंडरवरची. पाणी मात्र बघत राहावं असं. काठाशी उथळ, पारदर्शक, आणि नजर आत सरकेल तसा त्याचा आरसा होत जातो. हे कल्पनेनं जमत नाही. तळ्याकाठी तासन्‌तास बसलेल्या माणसालाच जमतं.

पुढे १८७३ मध्ये त्यानं रेल्वेसम्राट हंटिंग्टनसाठी डॉनर लेक रंगवलं. तेही शांतच, पण तिथे डोंगराच्या कडेला रेल्वेची बारीकशी खूण दिसते. जाहिरात तीही, पण निदान कोणाची ते कळतं. म्हणून मला ते जास्त प्रामाणिक वाटतं.

व्हिसाचं माझं काही झालं नाही. वॉलपेपर अजून तोच आहे. फक्त डेस्कटॉपवरचे सगळे आयकॉन आता वर, शिखरांवर नेऊन ठेवलेत.