‘तू’, ‘आम्ही’ आणि ‘मी’ : चार भारतीय कादंबऱ्यांतील कुटुंब आणि वियोग

माणूस गेल्यानंतर घरात काय उरते, हा प्रश्न भारतीय कथनसाहित्याला नवा नाही. मात्र गेल्या दोन दशकांतील काही कादंबऱ्यांनी त्याचे उत्तर मृत्यूच्या वा ताटातुटीच्या प्रसंगापेक्षा घरातल्या रोजच्या बोलण्यात शोधले आहे. कोण कोणाला कोणत्या सर्वनामाने वा नात्याच्या नावाने संबोधतो, यातच तेथे जवळीक आणि वियोग दोन्ही नोंदले जातात. पुढील चार कादंबऱ्या तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकाने एकत्र वाचाव्यात, त्या याच कारणासाठी.

सचिन कुंडलकर यांच्या ‘कोबाल्ट ब्ल्यू’मध्ये (२००६) तनय आणि अनुजा ही भावंडे घरी राहावयास आलेल्या एकाच पाहुण्याच्या प्रेमात पडतात. तनयचे निवेदन त्या निघून गेलेल्या पुरुषाला ‘तू’ म्हणून उद्देशलेले आहे. मराठीत ‘तू गेलास’ म्हणताच ऐकणाऱ्याचे लिंग उघड होते आणि ‘मी आलो’ म्हणताच बोलणाऱ्याचेही. घरात जे उच्चारता येत नाही, ते क्रियापदाचा प्रत्यय अशा रीतीने सहज सांगून जातो. जेरी पिंटो यांच्या इंग्रजी अनुवादात (२०१३) हे काम प्रसंगांनी आणि संदर्भांनी करावे लागते, कारण इंग्रजी क्रियापद त्याविषयी मूक असते. अनुजा आपली कथा दैनंदिनीत लिहिते. एकाच छताखालची ही दोन दुःखे परस्परांना भेटत नाहीत. दोघांचे मिळून ‘आम्ही’ होत नाही, हीच या कुटुंबाची खरी हानी होय.

याउलट विवेक शानभाग यांच्या मूळ कन्नड ‘घाचर घोचर’मध्ये ‘आम्ही’ अतिबलवान आहे. चिक्कप्पाच्या मसाल्याच्या व्यवसायाने घराला सुबत्ता आणली आणि तिच्याबरोबर एक अलिखित शिस्तही आणली. त्याला भेटावयास आलेल्या स्त्रीला घरातील बायका दारातूनच हाकलतात. सून अनिता त्याला आक्षेप घेते आणि त्या ‘आम्ही’च्या बाहेर पडते. मराठी वाचकाला येथे आपल्या भाषेतील ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतील भेद आठवतो. श्रोत्याला सामावून घेणारे सर्वनाम त्या घराजवळ नाही. शीर्षकातील निरर्थक शब्द अनिताच्या माहेरचा, भावंडांच्या खेळातला आहे. घरापेक्षा वेगळी अशी तिची एवढीच भाषा ती पतीला देते. तिच्या अनुपस्थितीचा अर्थ लेखकाने अनिश्चित ठेवला आहे आणि कादंबरीचा दाह त्या संयमातच आहे.

जेरी पिंटो यांची ‘एम अँड द बिग हूम’ (२०१२) ही इंग्रजी कादंबरी माहीममधील एका लहानशा घरात घडते. आईला मानसिक आजार आहे. मुले आईवडिलांना टोपणनावांनी हाक मारतात. चहा, विडी, विनोद आणि आत्महत्येचे प्रयत्न हे सर्व एकाच दिनक्रमाचे भाग होतात. निवेदक मुलाच्या ‘मी’ला सतत भय आहे की आईचा आजार आपल्यातही उतरेल. येथे वियोगाची भीती मृत्यूच्या कितीतरी आधीपासून घरात वावरत असते, आणि करुणेला भाबडेपणाचा स्पर्श होत नाही.

गीतांजली श्री यांच्या ‘रेत समाधि’त (२०१८) पतिनिधनानंतर ऐंशी वर्षांची आई सर्वांकडे पाठ फिरवून पडून राहते. पात्रे बहुधा नात्याच्या नावांनीच ओळखली जातात. परंतु मुलीच्या घरी गेल्यावर मायलेकींच्या भूमिका उलटतात, आणि पुढे सीमेपलीकडे जाणारी आई ‘आई’ या नावात न मावणारा फाळणीपूर्वीचा भूतकाळ घेऊन उभी राहते. डेझी रॉकवेल यांच्या अनुवादाला २०२२ चे आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक मिळाले, त्यामुळे ही कादंबरी सर्वपरिचित आहे. तिचा विस्तार काही ठिकाणी वाचकाची परीक्षा पाहतो, तरी पाठ फिरवण्याच्या प्रारंभीच्या भागाला तोड नाही.

या निवडीची मर्यादाही सांगितली पाहिजे. ही चारही घरे प्रामुख्याने नागर, मध्यमवर्गीय आहेत. ज्या घरांतील वियोगाला जात, विस्थापन आणि श्रम यांनी आकार दिला, त्यांचे ‘आम्ही’ दलित स्वकथनांत वेगळ्या अर्थाने येते. तेथे कुटुंब आणि समाज यांची सीमारेषा इतकी स्पष्ट नसते. त्या स्वकथनांशी ताडून पाहिल्याखेरीज येथील निष्कर्ष पुरे होणार नाहीत. तरीही प्रारंभ ‘कोबाल्ट ब्ल्यू’पासून आणि शक्यतो मूळ मराठीतून करावा. अनुवादात कथा पोहोचते, पण ‘गेलास’मधला ‘स’ मागे राहतो.