आजार रक्तात, वेदना मज्जारज्जूत

नवापूर तालुक्यातल्या चिंचपाड्याला सिकलसेल म्हणजे काय, हे सांगावं लागत नाही. भिल्ल, मावची, गावित समाजांत हाडं ठणकून रात्र-रात्र जागवणारा हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. कोयत्यासारख्या वाकलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, म्हणून कळा येतात, हे खरंच. पण कळांच्या मधल्या दिवसांतही काहींचं दुखणं सरत नाही, ते का?

शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठातल्या यिंग हे, झाइजिए जिम वांग आणि सहकाऱ्यांचा २०१६ चा शोधनिबंध याच प्रश्नापाशी थांबतो. त्याचा नायक, खरं तर खलनायक, प्रोटीन कायनेझ सी डेल्टा. कायनेझ हे विकर दुसऱ्या प्रथिनांवर फॉस्फेट चिकटवतं आणि त्यांची वागणूक बदलतं. चेतापेशींतली अशी कायनेझं चेकाळली की साध्या स्पर्शालाही वेदनेची धार येते. वेदनेचा निरोप मज्जारज्जूच्या ज्या वरच्या थरांत सर्वप्रथम पोचतो, तिथेच सिकलसेलच्या उंदरांत हे विकर जागं झालेलं आढळलं. ते तिथेच दाबलं, तशी वेदना उतरली. इथवर निबंध नेटका आहे, पण चकित करत नाही.

चकित करतो तो पुढचा प्रयोग. हे विकर जन्मतःच नसलेल्या उंदरांत त्यांनी सिकलसेलच्या उंदरांच्या रक्ताच्या मूळपेशी रुजवल्या. आजार पुरता उभा राहिला. वेदना मात्र आली नाही. आपसूक होणारीही नाही, स्पर्शाने वा उष्णतेने चेतवलेलीही नाही. आजार आणि वेदना यांचा सांधा इतक्या अचूक जागी उकलणारं कथानक मी विज्ञानात फार वाचलेलं नाही.

खोचक वाचक विचारेल: या उंदरांत विकर फक्त मज्जारज्जूत नव्हे, रक्त सोडून साऱ्या शरीरातच नव्हतं ना? बरोबर. म्हणूनच आधीचा, तो नेटका वाटलेला प्रयोग पुन्हा वाचावा लागतो. पुढच्याने खलनायक ओळखला, आधीच्याने त्याचं घर दाखवलं. लेखकांचा संयमही आवडतो: औषध सापडल्याचा गाजावाजा नाही, पुढे औषधासाठी लक्ष्य ठरू शकेल एवढंच म्हणणं. आणि एक मर्यादा उरतेच: उंदीर पंजा मागे घेतो. ठणका कसा होता, ते सांगत नाही.